तुरीनचं सिनेमा संग्रहालय: व्हिसापासून घुमटापर्यंत

इटलीला जाणारी आपली माणसं रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करतात, पिसाचा मनोरा ढकलतानाचा फोटो काढतात आणि मिलानहून परतीचं विमान पकडतात. मिलानपासून रेल्वेने तासाभरावरचं तुरीन सहसा यादीत नसतं. सिनेमावर प्रेम असेल तर ही यादी बदला. तुरीनमध्ये इटलीचं राष्ट्रीय सिनेमा संग्रहालय आहे आणि ते मोले आन्तोनेलियाना या १६७.५ मीटर उंच, टोकदार घुमटाच्या इमारतीत आहे. हा लेख तिथे स्वतःच्या हिमतीवर, टूर कंपनीशिवाय जाणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे येणारे बरेच पर्यटक काचेच्या लिफ्टसाठी येतात, वर जाऊन शहर बघतात आणि वाटेत संग्रहालय 'उरकतात'. मराठी माणसाने हे उलट करावं. इथला सगळ्यात मोलाचा भाग सगळ्यात खालच्या मजल्यावर आहे. सिनेमाच्या जन्माआधीची यंत्रं तिथे मांडली आहेत आणि त्यांचं नातं थेट कल्याणशी आणि दादासाहेब फाळक्यांशी लागतं.

वार आणि वेळ

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. युरोपात बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे आपण सोमवार टाळतो आणि नेमके मंगळवारी जाऊन उभे राहतो. तुरीनचं प्रसिद्ध इजिप्शियन संग्रहालयही बघायचं असेल तर ते सोमवारी दुपारपर्यंतच उघडं असतं. दोन्ही नीट बघायची असतील तर बुधवार ते रविवार यातले दोन दिवस ठेवा. फक्त सिनेमा संग्रहालयच बघायचं असेल तर मिलानहून सकाळी निघून रात्री परत येता येतं.

आत किमान तीन तास धरा. लिफ्टचा वेळ वेगळा. सिनेमाचं वेड असलेला माणूस पाच तासही सहज काढेल, त्यामुळे बरोबरच्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

ऋतूचा विचार लिफ्टपुरता करायचा. घुमटावरून आल्प्सची रांग दिसते ती थंडीत किंवा पाऊस पडून गेल्यावर. जुलै-ऑगस्टच्या उन्हाळी धुरकट हवेत डोंगर अंदाजानेच ओळखावे लागतात. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत सुट्ट्यांचा हंगाम असतो आणि बरीच छोटी दुकानं, खानावळी बंद असतात. नोव्हेंबरमध्ये तुरीनचा चित्रपट महोत्सव भरतो. तो गाठता आला तर उत्तमच, पण त्या दिवसांसाठी हॉटेल लवकर ठरवा.

व्हिसा

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. नियम असा, की ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा आणि दिवस सारखेच असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. मिलानचं विमान स्वस्त मिळालं पण मुक्काम जास्त स्वित्झर्लंडमध्ये आहे, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या लोकांसाठी इटलीचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, मात्र कागदपत्रं व्हिसा केंद्रात द्यावी लागतात.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. कागदोपत्री निर्णयाला १५ दिवस लागतात, पण एप्रिल-मेच्या गर्दीत केंद्राची वेळ मिळवणंच अवघड असतं, म्हणून दोन-तीन महिने आधी हालचाल करा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहान मुलांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाताना या रांगेत वेळ जातो. मिलानला उतरल्यावर लगेच दोन तासांनी सुटणाऱ्या गाडीचं न बदलता येणारं स्वस्त तिकीट काढून ठेवू नका.

तिकीट

व्हिसा हातात आल्याशिवाय संग्रहालयाचं तिकीट काढायची घाई नको. मिलानमधलं 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र बघायला कित्येक आठवडे आधी जागा धरावी लागते, तसं इथे नाही. साधारण आठवडाभर आधी, शनिवार-रविवार असेल तर थोडं लवकर, संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिकीट काढलं की पुरतं. नेटवर शोधलं की वर जाहिरातीत दलालांची पानं येतात. तिथे तेच तिकीट चढ्या भावात मिळतं, तेव्हा पत्ता नीट बघा.

तिकिटांचे प्रकार तीन: फक्त संग्रहालय, फक्त लिफ्ट, आणि दोन्ही मिळून. दोन्ही करायचं असेल तर एकत्र तिकीट स्वस्त पडतं. पैसे भरण्याआधी लिफ्ट त्या दिवशी चालू आहे ना ते बघा, कारण देखभालीसाठी ती अधूनमधून बंद ठेवतात. लहान मुलं, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक यांच्या सवलतींच्या अटी त्याच पानावर असतात. वय सिद्ध करायला पासपोर्ट किंवा त्याची प्रत जवळ ठेवा, आधार कार्ड दाखवून तिथे काही उपयोग नाही.

'महिन्याचा पहिला रविवार फुकट' हा इटलीतला नियम सरकारी संग्रहालयांचा आहे. हे संग्रहालय एका प्रतिष्ठानतर्फे चालतं, त्यामुळे त्या भरवशावर जाऊ नका. शहरात दोन-तीन दिवस असाल तर तुरीन-पिएमोन्ते पर्यटक कार्डाचा हिशेब करून बघा. संग्रहालयाचा प्रवेश त्यात येतो, लिफ्टचं काय ते कार्ड घेताना विचारा.

निघण्याआधी मुंबईत एक चक्कर

मुंबईत पेडर रोडला, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. जानेवारी २०१९ मध्ये ते सुरू झालं. गुलशन महल ही जुनी वास्तू आणि शेजारची नवी इमारत असे त्याचे दोन भाग आहेत. सोमवारी बंद. तुरीनच्या आधी हे बघून घ्या. इथे फाळके, मूकपट, प्रभात, बोलपटाची सुरुवात असा क्रम डोक्यात बसला की तुरीनमध्ये प्रत्येक कपाटासमोर 'त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं' हे आपोआप आठवतं.

दुसरा गृहपाठ म्हणजे 'कॅबिरिया' हा १९१४ चा मूकपट. तुरीनच्या जोव्हान्नी पास्त्रोनेने तो काढला. नेटवर सहज मिळतो. दोन तासांहून लांब आहे. अख्खा बघायचा कंटाळा आला तर निदान मोलॉखच्या देवळाचा प्रसंग बघा. का ते पुढे सांगतो.

मिलान ते मोले

स्टेशनवरच्या पाट्यांवर शहराचं नाव 'तोरिनो' असं असतं. मिलानच्या मुख्य स्थानकातून, म्हणजे चेन्त्रालेहून, जलद गाडी तासाभरात पोचवते. साधी प्रादेशिक गाडी सुमारे दोन तास घेते, पण तिचं तिकीट आयत्या वेळी काढलं तरी भाव तोच राहतो. जलद गाडीचं मात्र जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. तिकीट खिशात आहे, पैसे भरलेत, तरी शिक्का नसेल तर तपासनीस दंड करतो आणि 'आम्ही परदेशी आहोत' हे त्याने रोज ऐकलेलं असतं.

मिलानकडून येताना आधी पोर्ता सूसा स्थानक लागतं, मग पोर्ता नुओवा. चालत जायचं तर पोर्ता नुओवाला उतरा. मोठी बॅग असेल तर तिथल्याच सामानघरात ठेवा. मोलेच्या दारात सुरक्षा तपासणी असते आणि चाकांच्या बॅगा घेऊन आत फिरता येत नाही.

मेट्रो मोलेपर्यंत जात नाही आणि ते बरंच आहे, कारण चालण्याचा रस्ता सुरेख आहे. स्टेशनसमोरून व्हिया रोमाने सरळ पियाझ्झा कास्तेल्लो चौकात या, तिथून व्हिया पो रस्ता धरा आणि पुढे डावीकडे व्हिया मोन्तेबेल्लोत वळा. २० ते २५ मिनिटं लागतात. जवळजवळ सगळी वाट कमानींच्या छताखालून जाते, म्हणजे पाऊस असला तरी छत्री उघडावी लागत नाही. व्हिया पोच्या डाव्या बाजूच्या कमानी आडव्या गल्ल्यांवरूनही सलग नेल्या आहेत. राजाला राजवाड्यापासून नदीपर्यंत न भिजता जाता यावं म्हणून हे केलं असं सांगतात. वाटेत बैलाच्या तोंडाचे हिरवे लोखंडी नळ दिसतील. पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्या.

मोलेसमोर पोचल्यावर अडचण एकच होते: गल्ली इतकी अरुंद आणि इमारत इतकी उंच, की ती फोटोत मावत नाही. फोटोसाठी संध्याकाळी नदीपलीकडच्या मोन्ते देई काप्पुच्चिनी टेकडीवर जा. तिथून घुमट आणि मागे आल्प्स एका चौकटीत येतात. इटलीच्या दोन सेंटच्या नाण्यावर हीच इमारत आहे. इटलीने ही नाणी पाडणं २०१८ मध्ये थांबवलं, त्यामुळे सुट्ट्या पैशांत एखादं आलं तर खर्च करू नका.

इमारतीचा इतिहास थोडक्यात. आलेस्सान्द्रो आन्तोनेल्ली या वास्तुविशारदाने १८६३ मध्ये हे काम हाती घेतलं ते ज्यूंच्या प्रार्थनामंदिरासाठी. ठरल्यापेक्षा उंची वाढत गेली, खर्च वाढत गेला, ज्यू समाजाने हात टेकले आणि शहराने इमारत ताब्यात घेतली. ती पूर्ण झाली १८८९ मध्ये. आन्तोनेल्ली आदल्याच वर्षी वारला होता. १९५३ च्या मे महिन्यात वादळात शिखराचा ४७ मीटरचा तुकडा कोसळला. आज दिसतं ते टोक नंतर नव्याने उभारलेलं आहे.

खालचा मजला: इथे घाई नको

या मजल्याला 'सिनेमाचं पुरातत्त्व' म्हणतात. सावल्यांचे खेळ, आरसे, भिंगं, काळोख्या पेट्या आणि जादूचे कंदील इथे आहेत. नुसत्या कपाटबंद वस्तू नाहीत. डोळा लावून बघायच्या, दांडा फिरवायच्या, उघडझाप करायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. मुलं असतील तर त्यांना इथे मोकळं सोडा. माहितीफलकांवर इटालियनबरोबर इंग्रजी मजकूर असतो.

सुरुवातीला 'मोन्दो नुओवो' नावाच्या पेट्या लागतात. पेटीला भिंगाची भोकं, आत शहरांची चित्रं. मागचा प्रकाश बदलला की त्याच चित्रात दिवसाची रात्र होते आणि खिडक्यांत दिवे लागतात. जत्रेत घेऊन फिरणारा माणूस पैसे घेऊन ही दाखवायचा. आपल्या जत्रांतला डोक्याला फेटा बांधलेला बायोस्कोपवाला याच कुळातला.

पुढे जादूचे कंदील. पत्र्याचं किंवा पितळेचं धूड, आत दिवा, समोर भिंग, मध्ये रंगवलेली काच सरकवायची खाच. यातल्या काचा जवळून बघा. काही काचा दुहेरी आहेत. एक स्थिर, दुसरी छोट्या दांड्याने किंवा दातेरी चाकाने हलणारी. स्थिर काचेवर झोपलेला माणूस, हलत्या काचेवर त्याचा जबडा किंवा एखादा उंदीर. दांडा हलवला की पडद्यावर तो जबडा उघडतो. काचेवरची रेघ केसाइतकी बारीक असावी लागते, कारण पडद्यावर ती शेकडो पटींनी मोठी होते आणि हात हलल्याची खूणही लपत नाही.

आता कल्याण. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९२ च्या सुमारास काचेवर चित्रं रंगवून, कंदिलाने पडद्यावर पाडून, पुराणकथांचे खेळ सुरू केले. नाव दिलं शांबरिक खरोलिका. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था काचांवर काढून त्या एकापाठोपाठ दाखवल्या की पात्र हललं असं वाटायचं. त्याच १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमध्ये एमिल रेनो हा फ्रेंच संशोधक आपल्या यंत्राने हाताने रंगवलेली चित्रपट्टी हलवून लोकांना दाखवत होता. रेनोच्या १८७७ च्या प्रॅक्सिनोस्कोपचं तत्त्व याच मजल्यावर समजतं: मध्ये आरशांचं चक्र, भोवती चित्रांची पट्टी, फिरवली की चित्र चालू लागतं. पॅरिस आणि कल्याण यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. तुरीनच्या फलकांवर पटवर्धनांचं नाव सापडणार नाही. ते आपण बरोबर घेऊन जायचं.

यापुढे मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे लावून टिपलेला धावता घोडा, मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाची १८८२ ची बंदुकीसारखी कॅमेरा-यंत्रणा, एडिसनचा एका वेळी एकाच माणसाने वाकून बघायचा कायनेटोस्कोप, आणि शेवटी लुमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ अशी साखळी आहे. लुमिएरांच्या यंत्राची खुबी लक्षात घ्या. एकच लाकडी पेटी चित्रण करायची, प्रत छापायची आणि पडद्यावर दाखवायचीही. एवढी सुटसुटीत होती म्हणूनच २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये पैसे घेऊन पहिला खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ ला, सात महिन्यांच्या आत, मुंबईत वॉटसन हॉटेलात तोच चमत्कार दाखल झाला. तो बघून सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईतल्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली.

हा सगळा संग्रह मुळात एका बाईच्या हट्टातून उभा राहिला. मारिया आद्रियाना प्रोलो ही इतिहासाची अभ्यासक. ८ जून १९४१ ला, ऐन महायुद्धात, तिने डायरीत एवढंच लिहिलं की संग्रहालयाचा विचार केला. लोक जुनी यंत्रं भंगारात काढत होते आणि ही ती गोळा करत होती. १९५८ मध्ये राजवाड्याशेजारच्या एका वाड्यात तिचं संग्रहालय उघडलं. पुढे ते बंद पडलं आणि ती १९९१ मध्ये गेली. मोलेमधलं आजचं संग्रहालय जुलै २००० मध्ये सुरू झालं, म्हणजे तिने ते पाहिलं नाही. ते चालवणारं प्रतिष्ठान तिच्याच नावाचं आहे.

या मजल्यावर दीड तास गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

देवळाचं दालन

वर आलात की एकदम घुमटाच्या पोटात, 'देवळाचं दालन' म्हणतात तिथे, उभे राहता. फ्रान्स्वा कॉन्फिनो या स्विस रचनाकाराने इथली मांडणी केली. मधोमध लाल आरामखुर्च्यांच्या रांगा. त्यात आडवं व्हायचं, उशीजवळच्या स्पीकरमधून आवाज ऐकायचा आणि वर टांगलेल्या दोन मोठ्या पडद्यांवर चित्रफिती बघायच्या. चालून पाय दुखत असतात, खुर्ची मऊ असते, अर्धे लोक इथे बिनदिक्कत डुलकी काढतात. ज्येष्ठ मंडळींना विश्रांतीला बसवायची जागाही हीच.

भोवतीने छोटी दालनं आहेत, देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर जशी उपदेवळं असतात तशी. प्रत्येकाचा विषय वेगळा: भयपट, प्रेम, पाश्चिमात्य घोडेस्वारांचे सिनेमे, अ‍ॅनिमेशन. मांडणी थट्टेखोर आहे. एका ठिकाणी तर संडासाच्या भांड्यांवर बसून फिल्म बघायची सोय केली आहे. आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते प्रसाधनगृह समजून परत फिरतील. ही मांडणी मधूनमधून बदलते.

या दालनात तो मोलॉख आहे. 'कॅबिरिया'त कार्थेज या प्राचीन नगरीच्या देवळात या राक्षसी देवाला लहान मुलांचा बळी देतात. त्याची भव्य, पंखवाली मूर्ती इथे बसलेली आहे. पहिल्या महायुद्धाआधी इटलीच्या सिनेमाची राजधानी तुरीन होती. रोमचा चिनेचित्ता स्टुडिओ आला तो १९३७ मध्ये. पास्त्रोनेने १९१२ मध्ये कॅमेरा गाड्यावर ठेवून सरकवण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं आणि 'कॅबिरिया'त ती मनसोक्त वापरली. तोपर्यंत कॅमेरा बहुतेक वेळा नाटकाच्या प्रेक्षकासारखा एका जागी खिळलेला असे. आता तो हळूच पुढे सरकू लागला आणि अवाढव्य देखाव्याला खोली आली.

आपला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला ३ मे १९१३ ला. 'कॅबिरिया' तुरीनमध्ये लागला १८ एप्रिल १९१४ ला. मधे वर्षही नाही. एकीकडे इतका पैसा आणि मनुष्यबळ, दुसरीकडे दादरच्या बंगल्यात बायकोचे दागिने गहाण टाकून, घरच्याच माणसांना हाताशी धरून काढलेला सिनेमा. मोलॉखसमोर उभं राहिलं की फाळक्यांनी किती तुटपुंज्या साधनांत केवढं मोठं काम केलं याचा अंदाज येतो. पुस्तकात वाचून तो इतका स्वच्छ येत नाही.

वरचे मजले आणि गोल चढण

पुढच्या मजल्यावर सिनेमा तयार कसा होतो ते आहे: पटकथा, चित्रफलक, वेशभूषा, प्रकाश, संकलन. चांगलं आहे, पण यातलं बरंच हल्ली कुठल्याही माहितीपटात दिसतं. वेळ कमी असेल तर इथे काटछाट करा. जुन्या पोस्टरांचा भाग मात्र चुकवू नका.

तिथून घुमटाच्या आतल्या अंगाने एक गोल चढण वर जाते. तात्पुरती प्रदर्शनं तिच्यावर लागतात. चढ सौम्य आहे, पण एका बाजूला कठडा आणि त्यापलीकडे थेट खालचं दालन. उंचीची भीती असेल तर भिंतीच्या कडेने चाला. फोटोला सहसा हरकत नसते, फ्लॅश मारू नका. तात्पुरत्या प्रदर्शनाचा नियम दारावर वाचा.

लिफ्ट

लिफ्ट शेवटी ठेवा. काचेची पेटी तारांवर लोंबकळत, कोणत्याही खांबाच्या आधाराशिवाय, त्याच दालनाच्या पोकळीतून वर जाते. आधी तिथे आडवं पडून तिला वर जाताना पाहिलेलं असलं की मजा वेगळी. ८५ मीटर उंचीवरच्या सज्जावर पोचायला मिनिटभर लागतं. वरून चौकोनी आखीव शहर, पो नदी, पूर्वेच्या टेकडीवरचं सुपेर्गाचं चर्च आणि हवा स्वच्छ असेल तर ३,८४१ मीटरचं मोन्व्हिझो शिखर दिसतं. वर जागा थोडी आहे, वारा असतो, उन्हाळ्यातही पातळ जाकीट लागतं.

बंद जागेची किंवा उंचीची भीती असणाऱ्यांनी उगाच धाडस करू नये. धडधाकट लोकांसाठी घुमटाच्या दोन भिंतींमधल्या पायऱ्यांनी, मार्गदर्शकाबरोबर चढून जायची सोयही आहे. तिची नोंदणी वेगळी.

जेवण

इटलीत दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच. त्यानंतर खानावळींची चूल संध्याकाळी साडेसातपर्यंत विझलेली. संग्रहालयातून तीनला बाहेर पडलात तर पिझ्झाचे तुकडे विकणारी दुकानं शोधा. त्यांतल्या काहींत फरिनाता मिळतो: चण्याच्या पिठात पाणी, तेल, मीठ घालून भट्टीत भाजलेला पातळ थर. अंडं नाही, दूध नाही, मिरपूड भुरभुरवून गरम खायचा.

शाकाहाऱ्यांनी दोन पदार्थांपासून सावध राहावं. इथला आन्योलोत्ती हा करंजीसारखा भरलेला पास्ता बहुतेक वेळा मांसाचाच असतो. आणि बान्या काउदा हे भाज्या बुडवून खायचं गरम कालवण भाज्यांबरोबर येत असलं तरी त्यात मासे असतात. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही स्पष्ट सांगा. नुसतं 'मांस नको' म्हटलं की मासे ताटात येऊ शकतात. गोड खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. हेझलनट घातलेलं जान्दुया चॉकलेट इथलंच, आणि कॉफी, चॉकलेट व सायीचा थर असलेलं बिचेरिन हे पेयही इथलंच. ते ढवळायचं नाही, थरांतूनच प्यायचं.

उरलेला वेळ

शनिवार असेल तर सकाळी पोर्ता पालाझ्झोजवळचा बालोन हा जुना बाजार गाठा. प्रोलोबाई जुन्या वस्तूंच्या शोधात इथे फिरायच्या. जुनी पोस्टरं, कॅमेरे, पोस्टकार्डं मिळतात. घासाघीस चालते, पण आपल्या जुन्या बाजाराइतकी नाही.

अंधार पडल्यावर मोलेवर एकदा नजर टाका. घुमटाच्या कडेने लाल निऑनचे आकडे चढत गेलेले दिसतील: १, १, २, ३, ५, ८, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. मारिओ मेर्झ या कलावंताचं हे काम.

मोलेजवळच व्हिया व्हेर्दीवर मास्सिमो हे संग्रहालयाचंच चित्रपटगृह आहे. जुने अभिजात सिनेमे, एखाद्या दिग्दर्शकाचा संपूर्ण आढावा असं तिथे चालू असतं. इटलीत परदेशी सिनेमे सर्रास इटालियनमध्ये डब करून लावतात, म्हणून वेळापत्रकात मूळ भाषेतला खेळ आहे का ते बघा. मूकपट असेल तर प्रश्नच नाही. आणि त्या रात्रीच मिलानला परतायचं असेल तर शेवटची जलद गाडी किती वाजता सुटते हे सिनेमाचं तिकीट काढण्याआधी पाहून घ्या.